७१ अणूंचा रेणू आणि त्यातला चौथा कार्बन

पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे कावीळ वाढते आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एसजीपीटी या यकृतातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) तपासण्यांची रांग लागते. नौपाड्यातल्या छोट्या लॅबचं अर्धस्वयंचलित यंत्र असो की मोठ्या रुग्णालयातला ॲनालायझर, आकडा निघतो त्याच रीतीने. क्युव्हेटमधून, म्हणजे नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यातून, ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश जातो आणि तो शोषला जाण्याचं प्रमाण दर मिनिटाला कितीने घटतंय ते यंत्र मोजतं. हा प्रकाश एसजीपीटी शोषत नाही. तो शोषतो एनएडीएच नावाचा रेणू, आणि हा रेणू रुग्णाच्या रक्तातून आलेला नसतो, किटच्या बाटलीतून आलेला असतो.

युरियाची नेहमीची कायनेटिक तपासणी, एलडीएच, हेक्झोकायनेज पद्धतीची साखर, हृदयाच्या त्रासात बघतात ते सीके, या सगळ्यांचा शेवट एनएडीएच किंवा त्याच्या जुळ्या भावावर, म्हणजे एनएडीपीएचवर होतो. म्हणून या सहविकराची, म्हणजे विकराला कामात मदत करणाऱ्या रेणूची, रचना नीट कळली की बारावीच्या पुस्तकातलं एक पान सुटतंच, शिवाय रिएजंट, म्हणजे किटमधलं तपासणीचं द्रावण, का बिघडतो, रीडिंग का फसतं आणि बाटलीवर 'अंधारात, कोरडं ठेवा' का लिहिलेलं असतं, हेही सुटतं.

रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत

एनएडी म्हणजे निकोटिनामाइड ॲडेनिन डायन्यूक्लिओटाइड. ॲडेनिनच्या टोकापासून सुरुवात करू. हे तेच ॲडेनिन, जे डीएनएमध्ये असतं: एकमेकांना चिकटलेली दोन वलयं, त्यांत मिळून चार नायट्रोजन आणि वलयाबाहेरच्या अमिनो गटात पाचवा. ॲडेनिनला जोडलेली रायबोज, म्हणजे पाच कार्बनची साखर. तिच्या पाचव्या कार्बनवर एक फॉस्फेट. इथे पहिला न्यूक्लिओटाइड पुरा झाला. त्या फॉस्फेटला दुसरा फॉस्फेट, दुसऱ्या फॉस्फेटला दुसऱ्या रायबोजचा पाचवा कार्बन, आणि त्या रायबोजच्या पहिल्या कार्बनवर निकोटिनामाइड. एकूण २१ कार्बन, २७ हायड्रोजन, ७ नायट्रोजन, १४ ऑक्सिजन, २ फॉस्फरस. मिळून ७१ अणू, रेणूभार ६६३.४.

वहीत आकृती काढताना विद्यार्थी एका जागी हमखास चुकतात. डीएनएच्या साखळीत एका साखरेचा तिसरा कार्बन पुढच्या साखरेच्या पाचव्या कार्बनला फॉस्फेटने जोडलेला असतो. इथे तसं नाही. इथे दोन्ही साखरा आपापल्या पाचव्या कार्बननेच जोडल्या आहेत आणि मध्ये एक नाही, दोन फॉस्फेट आहेत. म्हणजे दोन न्यूक्लिओटाइड समोरासमोर तोंड करून फॉस्फेटपाशी भेटतात. हे एकदा डोक्यात बसलं की आकृती पाठ करावी लागत नाही.

आता निकोटिनामाइड. सहा अणूंचं वलय: पाच कार्बन, एक नायट्रोजन. मोजणी नायट्रोजनपासून सुरू होते, म्हणून नायट्रोजन पहिला. तिसऱ्या जागेवरच्या कार्बनला अमाइड गट लटकलेला आहे. चौथा कार्बन नायट्रोजनच्या बरोबर समोर येतो. हा चौथा कार्बन लक्षात ठेवा, कारण एनएडीचं इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचं सगळं काम याच एका जागी होतं.

वलयातला नायट्रोजन साखरेलाही जोडलेला असल्यामुळे त्याचे चार बंध होतात आणि त्याच्यावर धन प्रभार येतो. 'एनएडी+' मधलं अधिक चिन्ह या एका नायट्रोजनचं आहे, सगळ्या रेणूचं नव्हे. दोन फॉस्फेटवर दोन ऋण प्रभार असतात, त्यामुळे शरीरातल्या पीएचला अख्ख्या रेणूचा हिशेब उणे एक येतो. 'अधिक चिन्ह आहे म्हणजे हा धन आयन' असं समजून आयन-विनिमय स्तंभात चुकीचा रेझिन भरला, तर रेणू त्याला धरत नाही, सरळ वाहून जातो.

चौथ्या कार्बनवर काय घडतं

धन प्रभाराचा नायट्रोजन वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका समोरच्या चौथ्या कार्बनला बसतो. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची तूट असते. त्यामुळे इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन येणाऱ्या हायड्रोजनला तो जागा देतो. अशा हायड्रोजनला हायड्राइड म्हणतात: एक प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन.

लॅक्टेटचं पायरुवेट होतं तेव्हाचं उदाहरण घेऊ, हे काम एलडीएच हे विकर करतं. लॅक्टेटच्या दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन आहे आणि एक ओएच गट. कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन हायड्राइडच्या रूपात थेट एनएडीच्या चौथ्या कार्बनवर जातो. ओएचमधला हायड्रोजन मात्र इलेक्ट्रॉन मागे ठेवून, नुसता प्रोटॉन म्हणून, विकराच्या १९५ क्रमांकाच्या हिस्टिडिनकडे जातो आणि तिथून पाण्यात. म्हणजे लॅक्टेटचे दोन हायड्रोजन गेले, पण एनएडीवर एकच आला. म्हणून समीकरणात 'एनएडीएच + एच+' असं लिहायचं. काही जुन्या टिपणांत आणि क्लासच्या नोट्समध्ये अजूनही 'एनएडीएच२' दिसतं. असा रेणू नसतो. तो लिहिला की दुसरा हायड्रोजन कुठे गेला हा प्रश्नच पडत नाही, आणि पीएच बदलला की ही क्रिया का सरकते तेही कळत नाही.

हायड्राइड आल्यावर चौथ्या कार्बनवर दोन हायड्रोजन होतात. वलयात फिरणारी इलेक्ट्रॉनांची साखळी तिथे तुटते. दुहेरी बंध आता फक्त दोनच उरतात, दुसऱ्या-तिसऱ्या आणि पाचव्या-सहाव्या अणूंमध्ये. नायट्रोजनवरचा धन प्रभार नाहीसा होतो. मूळचं वलय बेंझीनसारखं ॲरोमॅटिक, म्हणजे विशेष स्थिर होतं. ती स्थिरता आता गेली. हायड्राइड परत दिला की ती पुन्हा मिळते, आणि म्हणूनच एनएडीएच तो द्यायला तयार असतो. पीएच ७ ला एनएडी+-एनएडीएच या जोडीचा प्रमाणित विभव उणे ०.३२ व्होल्ट आहे, पायरुवेट-लॅक्टेट जोडीचा साधारण उणे ०.१९. विभव जितका जास्त उणे, तितकी इलेक्ट्रॉन देऊन टाकायची ओढ जास्त. त्यामुळे क्रिया आपोआप पायरुवेटकडून लॅक्टेटकडे झुकते. लॅबमध्ये ती उलटी, लॅक्टेटकडून पायरुवेटकडे चालवायची असेल तर बफर पीएच ९ च्या वर ठेवतात, म्हणजे बाहेर पडणारा प्रोटॉन लगेच उचलला जातो.

वलय बदललं की प्रकाशाशी त्याचं वागणंही बदलतं. उरलेले दुहेरी बंध, नायट्रोजन आणि तिसऱ्या जागेवरचा अमाइड यांची मिळून इलेक्ट्रॉनांची नवी मांडणी होते आणि ती ३४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. एनएडी+ तिथे काहीच शोषत नाही. ॲडेनिनला या सगळ्याचं सोयरसुतक नाही, त्यामुळे २६० नॅनोमीटरला दोघेही शोषतात. एका मिलीमोलर एनएडीएचच्या द्रावणाचा एक सेंटिमीटर जाडीत ३४० ला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्याचं माप, ६.२२ येतो. हा आकडा होरेकर आणि कॉर्नबर्ग यांनी १९४८ मध्ये ठरवला आणि आजही बहुतेक किटच्या सूत्रांत तोच असतो. काही पद्धती ६.३ धरतात. आपल्या किटच्या कागदावर कोणता आहे ते बघूनच फॅक्टर, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा, घाला.

आणखी एक बारकावा मला फार सुंदर वाटतो. वलय सपाट आहे, म्हणजे त्याला दोन बाजू आहेत. एनएडीएचच्या चौथ्या कार्बनवरचा एक हायड्रोजन एका बाजूला असतो, दुसरा दुसऱ्या. कागदावर ते सारखेच दिसतात, पण प्रत्येक विकर ठरलेल्या बाजूचाच उचलतं. एलडीएच आणि अल्कोहोल डीहायड्रोजिनेज एका बाजूचा, ग्लुटामेट डीहायड्रोजिनेज दुसऱ्या बाजूचा. शिकागोत वेस्टहायमर, व्हेनेसलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम वापरून हे दाखवलं. ज्या बाजूने ड्युटेरियम आला त्याच बाजूने तो परत गेला, एकही दुसऱ्या बाजूला सापडला नाही.

मग बाकीचा रेणू कशासाठी?

काम एका कार्बनचं असेल तर ॲडेनिन, दोन साखरा आणि दोन फॉस्फेट कशाला? पळी दांड्याने धरतात, तसं विकर हा रेणू ॲडेनिनच्या बाजूने धरतं. डीहायड्रोजिनेज विकरांत एक ठरावीक घडी असते, मायकेल रॉसमन यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९७० च्या दशकात एलडीएच आणि इतर विकरांच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास करताना ती पुढे आली. या घडीत ग्लायसिन जास्त असलेला एक छोटा वळसा फॉस्फेटला अगदी जवळ येऊ देतो. थोडं पुढे ॲस्पार्टेट असतं, ते ॲडेनिनकडच्या रायबोजच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनवरचे ओएच गट पकडतं.

एनएडी आणि एनएडीपी यांतला फरक नेमका याच जागी आहे. एनएडीपीत ॲडेनिनकडच्या रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवर ओएचऐवजी एक जादा फॉस्फेट असतो. बाकी रेणू तोच, चौथा कार्बन तोच, ३४० चं शोषणही तेच. पण ॲस्पार्टेट ऋण प्रभाराचं आणि फॉस्फेटही ऋण, त्यामुळे एनएडी वापरणाऱ्या विकरात एनएडीपी नीट बसत नाही. एनएडीपी वापरणाऱ्या विकरांत त्या जागी सहसा ॲस्पार्टेट नसतं, आणि जवळपास धन प्रभाराचं आर्जिनिन असतं. हायड्राइड द्यायच्या जागेपासून इतक्या दूरच्या एका फॉस्फेटमुळे पेशीला दोन वेगळी खाती ठेवता येतात. अन्न मोडून ऊर्जा काढायची तर एनएडी, चरबी किंवा कोलेस्टेरॉल बांधायचं तर एनएडीपीएच. किट मागवताना या एका अक्षराकडे नीट बघा. एनएडीपीवर चालणाऱ्या विकराला एनएडी दिलं तर बहुतेकदा क्रिया मंदावते किंवा होतच नाही, आणि दोष विकराच्या माथी मारला जातो.

एसजीपीटीचा आकडा कसा निघतो

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, ॲलानिनचा अमिनो गट काढून अल्फा-कीटोग्लुटारेटला देतं. ॲलानिनचं पायरुवेट होतं. रिएजंटमध्ये एलडीएच मुद्दाम भरपूर घातलेलं असतं, ते पायरुवेटचं लगेच लॅक्टेट करतं आणि त्यात एक एनएडीएच खर्च होतो. रक्तात एसजीपीटी जितकं जास्त, तितका ३४० चा ॲब्सॉर्बन्स वेगाने उतरतो.

१ मिली रिएजंटमध्ये १०० मायक्रोलिटर सीरम घातलं, ३७ अंशाला ठेवलं, पहिलं मिनिट सोडून दिलं आणि पुढची तीन मिनिटं रीडिंग घेतली. पहिलं मिनिट सोडायचं कारण सीरममध्ये आधीपासून असलेलं पायरुवेट त्या वेळात संपतं आणि क्रिया एका लयीत येते. मिनिटाला सरासरी घट ०.०२० आली. एकूण आकारमान १.१ मिली, नमुना ०.१ मिली. १.१ ला १००० ने गुणून ६.२२ आणि ०.१ यांच्या गुणाकाराने भागलं की १७६८ येतात. ०.०२० गुणिले १७६८ म्हणजे साधारण ३५ युनिट प्रति लिटर. नमुन्याचं प्रमाण बदललं की हा फॅक्टर बदलतो. ५० मायक्रोलिटर घेऊन १७६८ च ठेवला, तर उत्तर जवळपास निम्मं येईल.

आता सगळ्यात धोकादायक चूक. आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत क्युव्हेटमधला एनएडीएच ०.१८ मिलीमोलर असतो, म्हणजे सुरुवातीचा ॲब्सॉर्बन्स सुमारे १.१. तीव्र काविळीच्या रुग्णाचं एसजीपीटी ५००० असेल, तर मिनिटाला घट व्हायला हवी २.८. एवढा एनएडीएच मुळात नाहीच. साधारण २५ सेकंदांत तो संपतो, म्हणजे आपण सोडून दिलेल्या पहिल्या मिनिटातच. त्यानंतर यंत्राला दिसते जवळजवळ सपाट रेषा, आणि आकडा येतो १५ किंवा २०. ज्याचं यकृत सगळ्यात जास्त बिघडलंय त्याचा रिपोर्ट नॉर्मल! मोठे ॲनालायझर ही स्थिती ओळखून खूण दाखवतात. अर्धस्वयंचलित यंत्रावर काम करणाऱ्याने पहिल्या रीडिंगचा ॲब्सॉर्बन्स स्वतः बघायलाच हवा. तो ब्लँकपेक्षा, म्हणजे सीरम न घालता घेतलेल्या रिएजंटच्या रीडिंगपेक्षा, फार खाली असेल तर सीरमचा एक भाग आणि नॉर्मल सलाइनचे नऊ भाग घेऊन पुन्हा चालवा आणि उत्तराला १० ने गुणा. सीरम गडद पिवळं आणि एसजीपीटी मात्र अगदी कमी, अशी जोडी दिसली तर रिपोर्टवर सही करण्याआधी हे एकदा कराच.

एनएडीएच बिघडतो कसा

एनएडी+ आणि एनएडीएच यांच्या खोडी उलट्या आहेत, आणि त्या रचनेतूनच येतात. एनएडीएचच्या वलयातला पाचव्या-सहाव्या अणूंमधला दुहेरी बंध आम्लात टिकत नाही. तिथे आधी प्रोटॉन आणि मग पाणी चिकटतं, ३४० चं शोषण जातं आणि ते परत येत नाही. एनएडी+ आम्लात बऱ्यापैकी तग धरतो, पण अल्कलीत, विशेषतः गरम अल्कलीत, त्याचा निकोटिनामाइड आणि साखर यांच्यातला बंध तुटतो. पेशीतला एनएडी आणि एनएडीएच वेगवेगळा मोजायची जुनी युक्ती यावरच उभी आहे: एक भाग आम्लात काढायचा, तिथे फक्त एनएडी+ उरतो, आणि दुसरा अल्कलीत, तिथे एनएडीएच.

त्यामुळे एनएडीएच साध्या पाण्यात विरघळवून ठेवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पाणी किंचित आम्लधर्मी होतं. पीएच ८ ते ९ चा ट्रिस बफर घ्या, बर्फावर आणि अंधारात ठेवा, त्याच दिवशी संपवा. फॉस्फेट बफर टाळा, फॉस्फेटमुळे एनएडीएचचा ऱ्हास वेगाने होतो. पीएच बरोबर असूनही रीडिंग दिवसभर घसरत असेल तर आधी बफर कोणता हे तपासा.

खाडीकाठच्या हवेत खरा शत्रू ओलावा. फ्रीझरमधून काढलेली पावडरची बाटली जुलैमध्ये लगेच उघडली की थंड काचेच्या आत दव धरतं. ओलसर पावडरमध्ये एनएडीएच नुसता कमी होत नाही. त्यातून तयार होणारे काही पदार्थ एलडीएचलाच अडवतात, आणि मग ताजं विकर घालूनही क्रिया मंद चालते. बाटली सिलिका जेलच्या डब्यात ठेवूनच बाहेर काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण उघडा. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात काम करणाऱ्यांनी एक बाटली पुन्हा पुन्हा उघडण्यापेक्षा आल्याबरोबर लहान कुप्यांत भरून ठेवणं चांगलं.

शुद्धता तपासायला वजनावर विसंबू नका. डायसोडियम एनएडीएचचा रेणूभार ७०९.४, म्हणून ७.१ मिलिग्रॅम १० मिलीमध्ये म्हणजे एक मिलीमोलर. ते दहापट विरळ केलं की ३४० ला ०.६२ यायला हवं. ०.५० आलं तर तुमच्या पावडरमध्ये कामाचा एनएडीएच ८० टक्केच आहे, बाकी पाणी किंवा खराब झालेला माल. दुसरी खूण २६० आणि ३४० च्या रीडिंगचं गुणोत्तर. शुद्ध एनएडीएचचं ते २.३ च्या आसपास असतं. ॲडेनिन शाबूत आणि वलय बिघडलेलं असेल तर ते वाढतं. २६० ला क्वार्ट्झचाच क्युव्हेट लागतो, काच तो प्रकाश अडवते. ३४० ला काच चालते.

तयार किटमध्ये इतकं करावं लागत नाही. रोज सकाळी रिएजंट ब्लँक पाण्यासमोर बघा आणि किटच्या कागदावर दिलेल्या मर्यादेखाली गेला की ओतून द्या. ब्लँक अचानक सगळ्याच किटचा विचित्र यायला लागला, तर रिएजंट सोडा आणि दिवा बघा. हॅलोजन दिव्याचा प्रकाश ३४० ला मुळातच कमी असतो, त्यामुळे दिवा म्हातारा झाला की सगळ्यात आधी याच तपासण्या डळमळतात.

हे वलय शरीरात येतं कुठून

निकोटिनामाइडचं वलय येतं बी-३ जीवनसत्त्वातून, म्हणजे नायसिनमधून, किंवा ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिनइतकं काम होतं. दोन्ही कमी पडलं की पेलाग्रा होतो: उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे, जुलाब, पुढे स्मृतिभ्रंश. कॉनराड एल्व्हजेम यांनी १९३७ मध्ये कुत्र्यांमधला अशाच प्रकारचा आजार निकोटिनिक आम्लाने बरा करून दाखवला. त्याच्या थोडं आधीच वॉरबुर्ग आणि ऑयलर-केल्पिन यांच्या प्रयोगशाळांतून निकोटिनामाइड हा या सहविकरांचा भाग असल्याचं समजलं होतं, त्यामुळे दोन धागे जुळायला वेळ लागला नाही. सहविकर म्हणून एनएडीचा पहिला माग हार्डन आणि यंग यांना १९०६ मध्ये यीस्टच्या रसात लागला होता. हार्डन आणि ऑयलर-केल्पिन यांना १९२९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दख्खनमध्ये पेलाग्रा ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत दिसला. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीत जास्त असलेल्या ल्युसिनशी जोडला. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते तसंच दिसलं असं नाही. सोलापूर-मराठवाड्याकडून येऊन ठाण्यात स्थिरावलेल्या घरांनी भाकरी सोडायचं काही कारण नाही. भाकरीबरोबर डाळ, अंडी किंवा मासे, आणि शेंगदाण्याची चटणी असली की झालं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असतं.

हल्ली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एनएमएन आणि एनआर या महाग गोळ्या एनएडीचेच कच्चे भाग आहेत. त्यांनी रक्तातला एनएडी वाढतो, पण माणसाचं म्हातारपण लांबतं हे सिद्ध झालेलं नाही.

क्षयाच्या औषधांचं मात्र ध्यानात ठेवा. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवताना बी-६ लागतं, आणि आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध बी-६ च्या कामात अडथळा आणतं. आधीच अशक्त असलेल्या रुग्णाला त्यातून पेलाग्रा झाल्याची नोंद आहे. बी-६ पासून बनणारं पायरिडॉक्झल फॉस्फेट हे एसजीपीटीचंही सहविकर आहे. ते रक्तात कमी असेल आणि किटमध्येही घातलेलं नसेल, तर एसजीपीटीचा काही भाग सहविकराविना निष्क्रिय राहतो आणि आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. म्हणून क्षयाच्या उपचारावर असलेल्या, दारूचं व्यसन असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचे नमुने जास्त येत असतील, तर पायरिडॉक्झल फॉस्फेट घातलेलं किट घ्या, आणि एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट ताडताना दोन्ही वेळी किट कोणतं होतं ते विचारा.